दादासाहेब फाळके : दाराशी सापडलेले विषय

धुंडिराज गोविंद फाळके हे नाव उच्चारताच बहुतेकांच्या मनात 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट आणि ३ मे १९१३ ही तारीख उभी राहते. त्या दिवशी मुंबईत गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात तो चित्रपट लोकांसमोर आला आणि फाळके भारतीय चित्रपटाचे जनक ठरले. चरित्रलेखनात अशा एका ठळक तारखेभोवती सगळे आयुष्य गुंडाळून ठेवण्याचा मोह होतो. प्रस्तुत पाठात आपण तो मोह बाजूला ठेवणार आहोत. फाळके यांच्या हातात कॅमेरा आला तो चित्रपटाच्या वीसएक वर्षे आधी, आणि त्या कॅमेऱ्यासमोर देवादिकांच्या आधी आली ती साधी माणसे, दादरच्या परिसरातील मुले आणि कुंडीतला वाटाण्याचा वेल. कॅमेरा हाती असलेल्या माणसाला विषय कोठे सापडतो, हा प्रश्न मनाशी धरून हे चरित्र वाचले, तर एक वेगळाच फाळके दिसू लागतो.

त्र्यंबकेश्वर ते बडोदे

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. पुढे त्यांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृत शिकवण्याची जागा मिळाली आणि कुटुंब मुंबईस आले. अशा घरातील मुलाने पौरोहित्य किंवा अध्यापन पत्करावे ही त्या काळची रीत. धुंडिराज मात्र १८८५ मध्ये जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. तेथील वर्षभराच्या शिक्षणानंतर तो थोरल्या बंधूंसमवेत बडोद्यास गेला आणि सयाजीराव महाराजांच्या संस्थानातील कलाभवनात तैलरंग व जलरंगातील चित्रकला शिकला.

१८९० च्या सुमारास त्यांनी स्वतःचा कॅमेरा घेतला. त्या काळी छायाचित्रण ही शिकण्याची विद्या होती, आणि ती अंगमेहनतीची होती. काच रसायनाने माखावी, लाकडी पेटीत सरकवावी, डोक्यावर काळे कापड ओढून उलटे दिसणारे चित्र जुळवावे, समोरच्या माणसाला न हलण्याची ताकीद द्यावी आणि मग अंधाऱ्या खोलीत जाऊन उरलेले काम करावे, असा हा सगळा खटाटोप. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांनी या विद्यार्थ्याची हातोटी ओळखली. त्यांनी त्याला रतलाम येथे तिरंगी ठसे आणि छायाशिळामुद्रण शिकण्यास पाठवले आणि नंतर कलाभवनाची छायाचित्रणशाळा वापरण्याची मुभाही दिली. मधल्या काळात अहमदाबादच्या १८९२ च्या औद्योगिक प्रदर्शनात नाट्यगृहाच्या प्रतिकृतीसाठी फाळके यांना सुवर्णपदक मिळाले.

येथवरची हकीकत एखाद्या गुणी तरुणाच्या प्रगतीपत्रकासारखी वाटते. खरी परीक्षा पुढे होती.

माणसे कॅमेऱ्यासमोर उभी राहीनात

१८९५ मध्ये फाळके यांनी व्यवसाय म्हणून छायाचित्रण पत्करले आणि गुजरातेतील गोध्रा हे गाव निवडले. १९०० मध्ये प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही गेली. त्या वर्षांत प्लेगने पश्चिम भारतातील किती घरे रिकामी केली हे इतिहासाच्या पुस्तकांतून आपण वाचतो. फाळके यांचे घर त्यांतले एक होते. ते गाव सोडून परत बडोद्यास आले आणि तेथे त्यांनी पुन्हा छायाचित्रणाचा धंदा मांडला.

तो चालला नाही. कारण फार बोलके आहे. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो आणि माणूस लवकर मरतो, अशी समजूत शहरात पसरली होती. संस्थानच्या राजपुत्रानेही आयुष्य घटेल या भीतीने छायाचित्र काढून घेण्यास आरंभी नकार दिला. फाळके यांनी दरबारात छायाचित्रणाचे उपयोग समजावून सांगून त्याचे मन वळवले. पण सामान्य गिऱ्हाइकाची भीती काही गेली नाही.

या समजुतीकडे आज आपण हसून पाहतो. थोडा विचार केला तर तिच्यामागील शहाणपण जाणवेल. अनोळखी माणूस आपली प्रतिमा घेऊन जातो, ती कोठे जाईल, तिचे काय होईल, हे आपल्या हाती उरत नाही, ही अस्वस्थता त्या भीतीच्या तळाशी होती. आज हाताहातांत कॅमेरा असताना रस्त्यात कोणी आपल्या दिशेने भिंग वळवले तर आपणही चेहरा फिरवतोच की. फाळके यांना हे त्या वेळी केवळ गिऱ्हाइकाचे अज्ञान वाटले असेल. परंतु समोरच्या माणसाचे मन वळवल्याशिवाय त्याचे चित्र मिळत नाही, हा धडा त्यांना येथेच मिळाला असावा, असे त्यांचे पुढील काम पाहता म्हणावेसे वाटते.

पोटासाठी त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. फिरतीवर आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले आणि स्वतःचे आडनाव उलटे करून प्रोफेसर केल्फा या नावाने जादूचे प्रयोग करू लागले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नी माहेरची गिरिजा करंदीकर, किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांची भाची; सासरी तिचे नाव सरस्वती ठेवण्यात आले. या सरस्वतीबाईंकडे आपण पुढे वळणार आहोतच.

१९०३ पासून काही वर्षे फाळके यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी केली आणि नंतर ती सोडली.

लोणावळ्याचा छापखाना

पुढचा मुक्काम पुणे जिल्ह्यातला. मुंबई-पुणे लोहमार्गावर लोणावळ्याजवळ मळवली येथे राजा रविवर्म्याच्या चित्रांचा छापखाना होता. देवदेवतांची रंगीत चित्रे येथून घरोघर गेली. देवळात प्रवेश नसलेल्या माणसाच्या भिंतीवरही लक्ष्मी आणि सरस्वती पोहोचल्या त्या याच छपाईमुळे. फाळके यांनी लोणावळ्यास डॉ. रा. गो. भांडारकर यांच्या भागीदारीत स्वतःचा मुद्रणालयाचा उद्योग उभारला आणि रविवर्मा छापखान्यासाठी छायाशिळामुद्रणाचे काम केले. पुढे हा छापखाना दादरला नेण्यात आला आणि १९०८ मध्ये त्याचे नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असे झाले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस जाऊन आले. धंदा भरभराटीस आला, भागीदारांशी पटेनासे झाले, आणि फाळके एक दिवस सगळे सोडून बाहेर पडले. वाट्याची रक्कमही त्यांनी मागितली नाही. हा मानी स्वभाव त्यांना आयुष्यभर महाग पडला.

लोणावळ्याच्या दक्षिणेस डोंगर ओलांडले की मुळशीचे खोरे लागते. आपले अनेक विद्यार्थी त्या तालुक्यातले आहेत, म्हणून येथे क्षणभर थांबू. फाळके लोणावळ्यास होते तेव्हा मुळशीचे धरण नव्हते. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तरी धरण झाले आणि मुळा-नीळा खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली. बुडालेल्या गावांचे उंबरे, खळी, पाणवठे यांची जितकी चित्रे मागे उरली असतील तितकेच ते जग आज डोळ्यांना दिसू शकते. बाकीचे आठवणींवर आणि गाण्यांवर अवलंबून आहे. रोजचे दृश्य रोजचे असते तोवर त्याचे चित्र घ्यावे असे कोणाला वाटत नाही. भातलावणीच्या वेळी अंगावर घेतलेले इरले आता मुळशीत क्वचित दिसते; त्याच्या जागी प्लास्टिकचा कागद आला. पौडच्या रस्त्यावरची एसटीची वाट पाहणारी माणसे, पिरंगुटच्या कारखान्यांची पाळी सुटतानाची वेळ, ताम्हिणीत पावसाळ्यात भजी तळणारी टपरी, यांचेही उद्या तसेच होईल. हे विषय ठरवण्यासाठी कोठे जावे लागत नाही. फाळके यांची पुढची गोष्ट नेमकी याबद्दलची आहे.

अंधार आणि वाटाणा

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या तंबूवजा चित्रगृहात फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि पडद्यावर राम-कृष्ण का असू नयेत, हा विचार त्यांच्या मनात आला. ही हकीकत सर्वपरिचित आहे; खुद्द त्यांनीच १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकातील आपल्या लेखांत ती मराठीत सांगून ठेवली आहे. (मराठी गद्याच्या अभ्यासकाने ते लेख अवश्य मिळवून वाचावेत. नव्या यंत्राविषयी लिहिण्यास भाषेत शब्द नसताना एक कारागीर ते कसे घडवतो, हे तेथे पाहावयास मिळते.)

त्यानंतरचे वर्ष मात्र कमी सांगितले जाते. फाळके तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. नोकरी नव्हती, धंदा नव्हता, घरात लहान मुले होती. त्यांनी परदेशांतून सूचीपत्रे, पुस्तके, लहानसे यंत्र मागवले. दिवसाचे चार-पाच तास ते चित्रपट पाहत आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून भिंतीवर चित्रे टाकून प्रयोग करीत. झोप नाही, विश्रांती नाही. परिणामी दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. ज्याची सारी मिळकत डोळ्यांवर, त्याच्यापुढे अंधार पसरला. डॉ. प्रभाकर या नेत्रवैद्यांनी उपचार केले, निरनिराळे चष्मे दिले आणि हळूहळू दृष्टी परत आली. या काळाविषयी फाळके यांनी नंतर फारसा बाऊ केला नाही. वाचकाने मात्र त्यावरून घाईने पुढे जाऊ नये. पुढील प्रत्येक चित्र हे एकदा गमावलेल्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसा उभा केला आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना आधी धोके समजावून सांगितले आणि मग मदत केली. सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या चित्रशाळेत त्यांना सर्व कामे जवळून पाहता आली. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा विकत घेऊन आणि कच्ची फिल्म व फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र मागवून ते १ एप्रिल १९१२ रोजी परतले. बिऱ्हाड दादरच्या मुख्य रस्त्यावरील मथुरा भवनात हलवले. मे महिन्यात यंत्रे आली. चार दिवसांत ती जोडून झाली.

आता प्रश्न होता विषयाचा. ज्याने ख्रिस्तपट पाहून रामकृष्णांचे स्वप्न पाहिले, त्याने नवा कॅमेरा सर्वांत आधी कशावर रोखला? दादरच्या परिसरातील मुलामुलींवर. यंत्र नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी फाळके यांनी त्यांचे चित्रण केले आणि ते समाधानकारक उतरले. त्या फितीची आज फार कमी जण आठवण ठेवतात. रस्त्यावरील जीवनाच्या चित्रणाचा इतिहास मराठी मुलखापुरता लिहायचा झाला तर त्या मुलांचा उल्लेख त्यात असायला हवा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अर्थात या वाटेवर फाळके पहिले नव्हते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा या मुंबईच्या छायाचित्रकाराने १८९९ मध्येच हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले होते. माकडांना खेळ शिकवणारा माणूसही त्यांच्या कॅमेऱ्याने टिपला होता, आणि केंब्रिजहून रँग्लर होऊन आलेल्या परांजप्यांचे डिसेंबर १९०१ मधील स्वागतही. कुस्ती, माकडवाला, गर्दी : भाटवडेकरांचे विषय पाहिले की मुंबईचा रस्ताच डोळ्यांपुढे येतो. पुढे त्यांनी हे काम सोडून दिले. रस्त्यात जे घडते ते टिपायचे, ही त्यांची रीत. फाळके यांची रीत निराळी होती. ज्याच्याकडे घडते आहे म्हणून कोणी पाहतच नाही, अशी वस्तू ते शोधत.

याचे उदाहरण म्हणजे 'अंकुराची वाढ'. भांडवलासाठी धनिकांची खात्री पटवणे आवश्यक होते. फाळके यांनी घरातल्या एका कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा तिच्यासमोर ठेवला आणि ठरावीक अंतराने थोड्याथोड्या चौकटी घेत महिन्याहून अधिक काळ ते चित्रण केले. पडद्यावर सुमारे मिनिटभरात बी रुजले, अंकुर फुटला आणि वेल चढू लागला. साधा हिशेब करून पाहावा. हाताने हँडल फिरवून चालणाऱ्या त्या काळच्या चित्रात सेकंदाला साधारण १६ चौकटी जात, म्हणजे मिनिटाला ९६०. महिन्याच्या दिवसांवर त्या वाटल्या तर दररोज सुमारे ३० चौकटी येतात. एक दिवस चुकला, कुंडी कोणी हलवली, घरातल्या मुलाचा धक्का कॅमेऱ्याला लागला, तर सगळे फुकट. मुलाबाळांच्या घरात महिनाभर कुंडी जागची न हलवणे ही गोष्ट, ज्यांनी संसार केला आहे त्यांना, हेपवर्थच्या चित्रशाळेइतकीच थोर वाटेल.

वाटाण्यात पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले असते तर उत्तर देणे कठीण होते. स्वयंपाकघरातली वस्तू. पण त्या मिनिटभराच्या चित्राने यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज देण्याची तयारी दर्शवली आणि 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला. भारतातील पहिला कथापट असा एका दाण्यातून आला.

तारामती खाणावळीत

'राजा हरिश्चंद्र' मधील तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना. वृत्तपत्रात जाहिराती दिल्या. नाटकात पुरुषांनी स्त्रीभूमिका कराव्यात हे मान्य होते; पण कॅमेऱ्यासमोर उभे राहणे हे नाटकाहूनही हलके मानले जाई. फाळके यांनी कलावंतिणींच्या वस्तीतही विचारून पाहिले. उपयोग झाला नाही. सरस्वतीबाईंना विचारले तेव्हा त्यांनी नकार दिला, आणि तो योग्यच होता. त्या मुख्य भूमिकेत गुंतल्या असत्या तर बाकीचा सगळा कारखाना बंद पडला असता.

अखेर ग्रँट रोडवरील एका खाणावळीत काम करणारा सडसडीत तरुण फाळके यांच्या नजरेस पडला. त्याची बोटे नाजूक, चेहरा रेखीव. अण्णा साळुंके हे त्याचे नाव. खाणावळीत त्याला दहा रुपये पगार होता. फाळके यांनी पंधरा देऊ केले. चहाच्या टेबलापलीकडून येणाऱ्या माणसाच्या हातांकडे आपल्यापैकी किती जण पाहतात? फाळके यांनी पाहिले. याच साळुंके यांनी पुढे १९१७ च्या 'लंका दहन' मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या.

रोहिताश्वाची भूमिका फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने केली. चित्रीकरणाच्या काळात सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत, उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परावर्तित करीत आणि रात्री काळोख्या खोलीत मेणबत्तीच्या मिणमिणत्या प्रकाशात फिल्मला भोके पाडीत. फिल्म धुणे, रसायने मिसळणे ही कामेही त्यांनी शिकून घेतली होती. भांडवल कमी पडले तेव्हा त्यांचे दागिने गेले. जनक हा शब्द आपण सहज वापरतो. जननीचा उल्लेख चित्रपटाच्या इतिहासात बराच काळ तळटिपेत होता. एक उणीव येथे नोंदवावीशी वाटते. ज्याच्या डोळ्यांना वाटाण्याचा अंकुर दिसला, त्याला स्वतःच्या घरात रात्री फिल्म भोकणारी बाई हा विषय म्हणून दिसला नाही. दिसला असता तर विसाव्या शतकाच्या आरंभीचे केवढे चित्र आपल्या हाती आले असते! पण त्या काळी घरच्या स्त्रीचे चित्र बाहेर दाखवणे कितपत शक्य होते, याचाही विचार करावयास हवा.

छोट्या फिती

१९१३ नंतर फाळके नाशिकला गेले. 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केले आणि स्त्रियांचा प्रश्न सुटला. मग 'सत्यवान सावित्री'. १९१४ मध्ये फाळके पुन्हा लंडनला गेले, चित्रपट दाखवले, तेथील कंपन्यांनी काम देऊ केले, ते नाकारून ते परतले. तेवढ्यात महायुद्ध सुरू झाले आणि भांडवल आटले. या सर्व गोष्टी कोणत्याही चरित्रात सविस्तर मिळतात.

आपल्याला हव्या आहेत त्या लहान फिती. मुख्य चित्रपटाला जोडून काही मिनिटांचे चित्र दाखवण्याची प्रथा होती. या जागेत फाळके यांनी जे दाखवले त्याची नुसती नावे वाचली तरी त्यांच्या नजरेचा आवाका कळतो. 'आगकाड्यांची मौज' मध्ये काड्यापेटीतल्या काड्या एकेक चौकट घेत हलवून त्यांच्या आकृती नाचवल्या. 'लक्ष्मीचा गालिचा' मध्ये नाण्यांची तीच करामत. 'पिठाचे पंजे' ही एक विनोदी फीत. नाशिक-त्र्यंबकेश्वर परिसरातील दृश्ये त्यांनी घेतली; ज्या गावात जन्मले त्या गावाकडे कॅमेरा घेऊन परत गेले. तळेगावच्या काच कारखान्याचेही त्यांनी चित्रण केले.

या शेवटच्या फितीविषयी थोडे अधिक. तळेगाव दाभाडे येथील हा कारखाना पैसा फंडातून उभा राहिला होता. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा या हिशेबाने निधी गोळा करण्याचा ध्यास घेतला होता. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये काचेचा कारखाना सुरू झाला. स्वदेशीच्या काळात या विषयाचे भाषण करता आले असते. फाळके यांनी भट्टी, फुंकनळी आणि काच फुंकणारी माणसे निवडली असावीत, असे त्या विषयाच्या स्वरूपावरूनच वाटते. कारण मुक्या चित्रात भाषण ऐकू येत नाही, हात दिसतात. कॅमेऱ्यासाठी विषय निवडताना हा भेद फार महत्त्वाचा आहे. स्वदेशी हा विचार झाला. तापलेल्या काचेचा गोळा नळीच्या टोकाशी फुगतो आहे, हे दृश्य झाले. विचाराला दृश्य सापडेपर्यंत छायाचित्रकाराचा विषय सापडलेला नसतो.

मग असा प्रश्न पडतो की फाळके यांनी याच वाटेने पुढे का जाऊ नये? उत्तर व्यवहारात आहे. तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाला देव हवे होते. 'लंका दहन' ने आणि नंतर 'कालिया मर्दन' ने अपार गर्दी खेचली. 'कालिया मर्दन' मध्ये त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. काड्यांची मौज कोणी वेगळे तिकीट काढून पाहणार नव्हते. तरीही देवपटांची जादू कशाने झाली हे पाहिले तर उत्तर त्या छोट्या फितींतच मिळते. एकेक चौकट थांबवून वस्तू हलवण्याची जी करामत काड्यापेटीवर करून पाहिली होती, त्याच जातीच्या युक्त्यांनी हनुमान उडाला आणि कालिया डुलला. रोजच्या वस्तूंवर केलेला सराव देवांच्या कामी आला.

नाशिकचे शेवटचे दिवस

१ जानेवारी १९१८ रोजी भांडवलदारांच्या भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. खर्चाच्या हिशेबावरून मतभेद झाले, फाळके कंपनी सोडून काशीस गेले, तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले, आणि १९२२ मध्ये परत कंपनीत आले. लोणावळ्यास घडले होते तेच येथे पुन्हा घडत होते : काम उत्तम, भागीदारी अशक्य. १९३० च्या दशकात बोलपट आला आणि मुक्या चित्रांची सर्व विद्या एका रात्रीत जुनी झाली. मूकपट म्हणून केलेल्या 'सेतुबंधन' ला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ चा 'गंगावतरण' हा कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला बोलपट, आणि तोच शेवटचा. सुमारे ९५ चित्रपट आणि २५ हून अधिक लघुपट त्यांच्या नावावर मोजले जातात.

अखेरची वर्षे नाशिकला हलाखीत गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी फाळके यांचे निधन झाले. त्या वेळी नव्या चित्रसृष्टीला त्यांची फारशी आठवण उरली नव्हती.

त्यांच्या कामापैकी बहुतेक भाग आज उपलब्ध नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, लवकर पेट घेणारी आणि विरघळणारी. 'अंकुराची वाढ' पाहता येत नाही, दादरच्या मुलांची फीतही नाही. मात्र चित्रपट कसे तयार करतात हे लोकांना कळावे म्हणून फाळके यांनी १९१७ च्या सुमारास एक लघुपट केला होता आणि त्याचा काही भाग शिल्लक आहे. त्यात ना हनुमान आहे, ना हरिश्चंद्र. नटांना हातवारे समजावून सांगणारा, टेबलाशी बसून फिल्मची पट्टी तपासणारा एक मध्यमवयीन माणूस त्यात आहे. तो आपल्या नेहमीच्या कामात गढलेला आहे.